महेंद्रपर्वत : कुलेनच्या रानातील ख्मेर राजधानी
वाचकांचे प्रश्न, संपादकांची उत्तरे

गेल्या अंकात कंबोडियातील कुलेन पर्वतावरच्या महेंद्रपर्वत या प्राचीन ख्मेर (म्हणजे कंबोडियातील मूळ लोकांच्या) राजधानीवर एक टिपण प्रसिद्ध झाले होते. नवव्या शतकाच्या आरंभी वसवलेल्या या नगराचा आराखडा हवाई लेसर सर्वेक्षणातून कसा उजेडात आला, हा त्याचा विषय होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले असून सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : जून 2013 मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांत ‘जंगलात हरवलेले बाराशे वर्षांपूर्वीचे शहर सापडले’ अशी बातमी झळकली होती. आपल्या टिपणात मात्र हे नाव शिलालेखांत आधीपासूनच होते, असे म्हटले आहे. मग नेमके सापडले तरी काय?

उत्तर : सापडला तो नगराचा आराखडा. नगर होते हे अभ्यासकांना ठाऊक होते आणि ते कुलेनवरच असावे याबद्दलही फारसा मतभेद नव्हता. आजच्या थायलंडमध्ये, कंबोडियाच्या सीमेजवळ, स्डोक काक थोम नावाचे एक मंदिर आहे. तेथील शिलालेख शके 974, म्हणजे इ.स. 1052 चा असून तो संस्कृत आणि जुन्या ख्मेर अशा दोन भाषांत कोरलेला आहे. एका राजपुरोहित घराण्याने आपल्या पिढ्यानपिढ्यांच्या सेवेची आणि तिच्या मोबदल्यात मिळालेल्या जमिनींची नोंद त्यात करून ठेवली आहे. या घराण्याचा मूळ पुरुष शिवकैवल्य हा महेंद्रपर्वत वसवणाऱ्या दुसऱ्या जयवर्मन या ख्मेर राजाचा पुरोहित होता. राजाने आपले ठाणे कोठून कोठे हलवले हे त्यात क्रमाने सांगितले आहे : इंद्रपुर, हरिहरालय, अमरेंद्रपुर, महेंद्रपर्वत आणि शेवटी पुन्हा हरिहरालय. जमिनींच्या हक्कासाठी लिहिलेल्या दस्तऐवजातून एका साम्राज्याच्या जन्माची हकीकत हाती लागावी, ही इतिहासाची गंमतच म्हणायची. अन्य शिलालेखांत जयवर्मनच्या राज्यारोहणासाठी शके 724, म्हणजे इ.स. 802 हे वर्ष येते आणि अंकोर काळाची (म्हणजे कुलेनच्या पायथ्याच्या सपाटीवरील अंकोर या राजधानीच्या परिसरातून चाललेल्या ख्मेर साम्राज्याच्या काळाची) सुरुवात म्हणून पाठ्यपुस्तके आजही हेच वर्ष देतात.

कुलेनवर विटांची जुनी मंदिरे आहेत हे फ्रेंच अभ्यासकांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून माहीत होते. फिलिप स्टर्न यांनी 1936 मध्ये तेथे मोहीम काढली, रानात शिरून मंदिरे धुंडाळली, त्यांच्या दारांवरील कोरीव पट्ट्या आणि खांबांची घडण तपासली आणि ही शैली अंकोरपूर्व व अंकोर या दोन काळांच्या सांध्यावरची आहे, असे मत मांडले. तरीही हाती होती ती सुटी सुटी मंदिरे. तुटलेल्या माळेचे मणी रानात विखुरलेले मिळावेत आणि दोरा मात्र कोठेच दिसू नये, तशी ही स्थिती होती. पुढे 1970 नंतरच्या यादवी युद्धाने आणि ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीने संशोधनच थांबवले. कुलेनचा डोंगराळ प्रदेश ख्मेर रूजच्या सैनिकांचा आसरा ठरला आणि तेथे पेरलेल्या भूसुरुंगांमुळे युद्ध संपल्यावरही रानात पाऊल टाकणे धोक्याचे राहिले. झाँ-बाप्तिस्त शेव्हान्स या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने कंबोडियन सहकाऱ्यांसह 2012 पूर्वीची अनेक वर्षे या डोंगरावर पायी सर्वेक्षण करून जागा नोंदवल्या होत्या. राजवाड्याची जागाही त्यांनी लेसरच्या आधीच हेरली होती. एप्रिल 2012 मधील हवाई सर्वेक्षणाने या जागांना जोडणारे रस्ते दाखवले आणि मग प्रथमच नगराची आखणी डोळ्यांपुढे उभी राहिली. बातम्यांत यंत्राचे जेवढे कौतुक झाले, त्याच्या निम्मे तरी या पायपिटीच्या वाट्याला यायला हवे होते.

प्रश्न : दाट जंगलाखालची जमीन हेलिकॉप्टरमधून कशी दिसते? लेसरचा किरण पानांतून आरपार जातो का?

उत्तर : किरण पानांतून आरपार जात नाही. तो पानांच्या मधल्या फटींतून जातो. हेलिकॉप्टरला बसवलेले यंत्र खाली लेसरचे अत्यंत लहान स्पंद सोडत राहते, तेही एका सेकंदाला हजारोंच्या संख्येने. प्रत्येक स्पंद कशावर तरी आदळून परततो आणि त्याला लागलेल्या वेळावरून अंतर काढले जाते. प्रकाश एका सेकंदात सुमारे 3 लाख किलोमीटर जातो. त्यामुळे यंत्र 800 मीटर उंचीवर असेल, तर जाऊन येण्याचा वेळ सेकंदाच्या जेमतेम दोन लाखाव्या भागाएवढा भरतो. वेळेचे मापन एका नॅनोसेकंदाने चुकले, तरी अंतरात 15 सेंटिमीटरची चूक होते. त्या क्षणी यंत्र नेमके कोठे होते आणि किती कललेले होते, याचीही उपग्रहांच्या आणि कल मोजणाऱ्या उपकरणांच्या साहाय्याने तितकीच काटेकोर नोंद ठेवावी लागते. हे सारे जुळले तरच लायडर नावाच्या या पद्धतीचा उपयोग होतो.

यांतील बहुतेक स्पंद शेंड्यांवर आणि फांद्यांवर आदळून परततात. थोडेच जमिनीपर्यंत पोहोचतात. पण मुळात सोडलेली संख्या इतकी प्रचंड असते की तेवढ्यावरही भागते. पुढचे काम संगणकाचे. लक्षावधी बिंदूंमधून झाडाझुडपांचे बिंदू वगळायचे, जमिनीचे तेवढे ठेवायचे आणि त्यांतून भूपृष्ठाची प्रतिकृती तयार करायची. त्या प्रतिकृतीवर एका बाजूने तिरपा प्रकाश पडला आहे असे दाखवले, की हातभर उंचीच्या उंचवट्याचीही सावली पडते. जंगलात उभ्या असलेल्या माणसाच्या पायांखाली एखादा प्राचीन बांध असला, तरी वेली, वाळका पाचोळा आणि बुंध्यांच्या गर्दीत त्याला तो जमिनीचा साधा चढ वाटतो. कागदावर मात्र तोच बांध दोन-तीन किलोमीटर सरळ रेषेत, पूर्व-पश्चिम धावताना दिसतो. निसर्ग इतक्या सरळ रेषा आखत नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. लायडर जमिनीच्या पोटात पाहू शकत नाही, तो फक्त पृष्ठभागाचे उंचसखलपण टिपतो. दिसलेली वस्तू किती जुनी, हेही त्याला कळत नाही. बांध नवव्या शतकातला की विसाव्या शतकातल्या एखाद्या शेतकऱ्याने घातलेला, हे ठरवायला तेथे जाऊन खणावे लागते. कुलेनच्या बाबतीत नकाशा हाती आल्यावर माणसे पुन्हा रानात गेली आणि नकाशावरील खुणा एकेक करून तपासत राहिली, त्याला अनेक वर्षे लागली.

प्रश्न : नकाशावर काय काय दिसले आणि ते एकाच काळातले, एकाच नगरातले आहे हे कसे ठरवले?

उत्तर : 2012 च्या सर्वेक्षणात अंकोर, कोह केर ही आणखी एक जुनी ख्मेर राजधानी आणि कुलेन मिळून सुमारे 370 चौरस किलोमीटर क्षेत्र टिपले गेले. कंबोडियाची अप्सरा ही वारसा संस्था, सिडनी विद्यापीठ आणि अतिपूर्वेच्या अभ्यासाची फ्रेंच संस्था यांच्यासह आठ संस्था त्यात सहभागी होत्या. कुलेनचा त्यांत एकच भाग आला होता आणि नगराचे रस्ते नकाशाच्या कडेला जाऊन तुटत होते. ते पुढे कोठवर जातात हे कोणालाच सांगता येत नव्हते. डेमियन इव्हान्स यांच्या नेतृत्वाखाली 2015 मध्ये दुसरे सर्वेक्षण झाले, त्याने संपूर्ण पर्वत व्यापला. दोन्ही सर्वेक्षणांतील माहिती आणि जमिनीवरील तपासणी एकत्र करून शेव्हान्स, इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्याने या नगराचे चित्र बऱ्याच अंशी निश्चित केले.

त्यानुसार पठारावर 40 ते 50 चौरस किलोमीटर क्षेत्रात एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या लांब, सरळ मातीच्या बांधांचे जाळे आहे. हे बांध म्हणजेच नगरातील राजमार्ग असून ते साधारणपणे चार मुख्य दिशांना धरून आखलेले आहेत. या जाळ्यात बांतेआय या नावाने ओळखली जाणारी आयताकृती राजवाड्याची जागा आहे. एका उंच भागावर रोंग चेन हे टप्प्याटप्प्यांचे, मजल्यांच्या पिरॅमिडसारखे मंदिर आहे; ते राज्याचे मुख्य मंदिर असावे, असे मानले जाते. याशिवाय पाणी अडवणारे बंधारे, लहान मंदिरे, तळी आणि एक अर्धवट राहिलेला फार मोठा तलाव नकाशावर आहे. नगराला तटबंदी मात्र नाही. आखीव मध्यभाग हळूहळू विरळ होत रानात मिसळतो, त्यामुळे ‘नगराची हद्द कोठवर’ या प्रश्नाला काटेकोर उत्तर देता येत नाही.

नगर एकच आहे असे मानण्याचे मोठे कारण म्हणजे मांडणी. राजवाडा, मंदिरे आणि बंधारे ही सारी एकाच जाळ्याशी दिशेने आणि जागेने जुळतात. बंधारे तर पाणी अडवण्याचे आणि रस्त्याचे अशी दोन्ही कामे करतात. अशी जुळणी शे-दोनशे वर्षांत जमेल तसे बांधत गेल्याने होत नाही. कोणीतरी आधी आखणी करून मग बांधायला घेतलेले असते. काळासाठी मंदिरांची शैली, उत्खननातील थर आणि कोळशाच्या नमुन्यांचे किरणोत्सारी कार्बन कालमापन यांचा आधार आहे. ही सारी साधने आठव्या शतकाची अखेर आणि नवव्याचा आरंभ या काळाकडे बोट दाखवतात. 802 या सालाशी ते चांगले जुळते. ख्मेर जगातील इतक्या मोठ्या प्रमाणावरचे हे पहिले आखीव नगर होय. अशी काटकोनी, दाट मांडणी सपाटीवरील अंकोर परिसरात पुन्हा दिसायला पुढे काही शतके जावी लागली.

एक कोडे मात्र सुटलेले नाही. पठारावर काही ठिकाणी मातीचे छोटे उंचवटे ओळीओळीने, एकसारख्या अंतरावर रचलेले आहेत. ही थडगी असावीत, असा पहिला तर्क होता. खणून पाहिल्यावर त्याला पुष्टी मिळाली नाही.

प्रश्न : इतक्या मोठ्या नगरातील घरे कोठे गेली?

उत्तर : ती लाकूड, बांबू आणि गवताची होती, कुजून गेली. ख्मेर समाजात वीट आणि दगड देवासाठी राखलेले असत; राजवाडासुद्धा लाकडाचा असे. तेराव्या शतकाच्या अखेरीस अंकोरला आलेला चिनी दूत झोउ दागुआन याने तेथील सामान्य माणसाला घरावर कौले घालण्याची मुभा नसल्याचे लिहून ठेवले आहे. त्यामुळे वस्तीचा माग घ्यायचा तो मातीचे चौथरे, तळी, खापरे आणि चुलीचा कोळसा यांवरूनच.

प्रश्न : राजधानी डोंगरावर का नेली आणि नंतर ती का सोडली?

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर शिलालेखात आहे. कंबुजदेश यापुढे ‘जावा’च्या अधीन राहू नये आणि येथे एकच चक्रवर्ती राजा असावा, यासाठी महेंद्रपर्वतावर विधी झाला आणि तो हिरण्यदाम नावाच्या ब्राह्मणाने केला, असे स्डोक काक थोमचा लेख सांगतो. (हा ‘जावा’ म्हणजे आजचे बेट की आणखी कोणती सत्ता, यावर अभ्यासकांत वाद आहे.) लहानमोठ्या राज्यांत विभागलेला मुलूख एका छत्राखाली आणल्याची घोषणा करायची, तर आसपासच्या सपाटीवरून दिसणारा उंच, पवित्र पर्वत हे ठिकाण राजकीय दृष्ट्या अचूक होते. देवांचा राजा जसा मेरूवर, तसा पृथ्वीचा राजा महेंद्रावर, ही कल्पना तेथील दरबाराला चांगलीच परिचयाची होती. उंचावरून बचाव करणे सोपे जाते, हा लाभ वेगळाच. शिवाय सिएम रीप नदी याच पर्वतावर उगम पावते आणि पुढे अंकोरच्या प्रदेशातून वाहते. म्हणजे पाण्याचे मूळही राजाच्या हाती राहिले.

सोडण्याचे कारण कोणी कोरून ठेवलेले नाही, पण भूगोल पुरेसा बोलका आहे. कुलेनचे पठार वालुकाश्माचे, माती पातळ आणि रेताड, उतार जागोजागी. मोठ्या वस्तीला पुरेल इतका भात पिकवायला लागणारी सपाट जमीन तेथे नाही. अर्धवट राहिलेला तो मोठा तलाव याच अडचणीची साक्ष देतो, असे आम्हांला वाटते : काम हाती घेतले, मातीचे बांध उभारले आणि मग योजनाच सोडून दिली. याउलट हरिहरालय, म्हणजे आजचा रोलुओस परिसर, तोन्ले साप सरोवराच्या काठच्या सपाटीवर आहे. पावसाळ्यात मेकाँग फुगली की तोन्ले साप नदीचा प्रवाहच उलटा फिरतो आणि सरोवर कितीतरी पटींनी पसरते. ओसरताना ते गाळाची जमीन आणि मासळी मागे ठेवते. ज्याला मोठे राज्य चालवायचे, तो येथे येणारच. दुसरा जयवर्मन हरिहरालयातच निवर्तला. पुढे पहिल्या इंद्रवर्मनने तेथे इंद्रतटाक हा विस्तीर्ण तलाव बांधला आणि 881 मध्ये बाकोंग या पायऱ्यापायऱ्यांच्या मंदिरात शिवलिंगाची स्थापना केली. उंच मंदिर, भव्य तलाव आणि आखीव वस्ती ही तिहेरी रचना कुलेनवर आधीच कल्पिलेली होती. सपाटीवर ती पार पडली.

मात्र राजा उतरला म्हणून डोंगर ओस पडला, असे समजू नये. कुलेनवरील एका प्राचीन जलाशयाच्या गाळाचे नमुने काढून केलेल्या अभ्यासात जमिनीची धूप आणि वनस्पतींतील बदल यांच्या खुणा अकराव्या शतकापर्यंत सापडल्या. झाडे तोडली जात होती, जमीन वापरात होती, म्हणजे माणसे राहत होती. अंकोरच्या मंदिरांसाठी लागलेला वालुकाश्म कुलेनच्या पायथ्याच्या खाणींतून गेला. डोंगरावर भट्ट्या लावून मातीची झिलईदार भांडी बनवली जात. आणि नदीच्या पात्रातील खडकांवर शेकडो शिवलिंगे कोरलेली आहेत, ती त्यांवरून वाहणारे पाणी पवित्र होऊन अंकोरला पोहोचावे यासाठी.

प्रश्न : महेंद्रपर्वतावरील या ‘देवराज’ विधीने राजा स्वतःला देव ठरवत असे का?

उत्तर : पूर्वी तसेच शिकवले जाई आणि पर्यटकांसाठीच्या पुस्तिकांत अजूनही तसेच छापले जाते. शिलालेखातील मूळ ख्मेर संज्ञा आणि तिचा संदर्भ बारकाईने पाहता देवराज ही राजाबरोबर राजधानीतून राजधानीत नेली जाणारी एक संरक्षक देवता असावी, असे जर्मन इतिहासकार हेरमान कुल्के यांच्यासह अनेकांनी मांडले आहे. शिवकैवल्याच्या वंशजांकडे या देवतेच्या पूजेचा वारसा होता आणि त्या वारशाचे महत्त्व ठसवणे हाच त्यांच्या लेखाचा हेतू होता. आपल्या घराण्याचा मान वाढवणारी गोष्ट त्यांनी अडीचशे वर्षांनंतर लिहिली आहे, हे ध्यानात ठेवूनच ती वाचावी.

प्रश्न : नावे संस्कृत, देव शिव-विष्णू. मग हे नगर भारतीयांनी वसवले असे म्हणायला काय हरकत आहे?

उत्तर : हरकत आहे, कारण पुरावा तसे म्हणत नाही. राजा ख्मेर, प्रजा ख्मेर, जमिनींच्या आणि सेवकांच्या याद्या ख्मेर भाषेत. संस्कृत ही त्या काळी आग्नेय आशियातील अनेक दरबारांची प्रतिष्ठेची भाषा होती. व्यापारी, ब्राह्मण आणि बौद्ध भिक्षू यांच्या येण्याजाण्यातून ती तेथे पोहोचली आणि स्थानिक राजांनी ती आपल्या गरजेप्रमाणे वापरली. हिरण्यदाम बाहेरून आला असेलही, पण त्याला बोलावणारा आणि त्याच्याकडून काय करून घ्यायचे हे ठरवणारा जयवर्मन होता. पाण्याचे बंधारे आणि भव्य तलाव यांची ख्मेर परंपरा पाहिली, की उसनवारीची भाषा अपुरी पडते. आपल्याकडील नावे दूरदेशी ऐकून सुखावणे स्वाभाविक आहे. त्यापुढे जाऊन मालकी सांगणे हा त्या लोकांवर अन्याय होईल.

प्रश्न : अंकोरचा शोध 1860 मध्ये आँरी मूओ यांनी लावला, असे आम्ही शाळेत शिकलो. ते खरे का?

उत्तर : मूओ 1860 मध्ये तेथे गेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनाने युरोपात अंकोरचे कुतूहल निर्माण केले, एवढे खरे. त्यांच्या आधी, 1850 मध्ये फ्रेंच धर्मप्रसारक बुइयेव्हो तेथे जाऊन आले होते; त्याच्याही कितीतरी आधी, 1586 च्या सुमारास पोर्तुगीज भिक्षू अंतोनियू दा मादालेना यांनी अंकोर पाहिले होते. अंकोर वाटच्या एका खांबावर 1632 मध्ये आलेल्या जपानी यात्रेकरूचा शाईने लिहिलेला लेख आजही आहे. आणि स्थानिक लोकांपुरते बोलायचे तर अंकोर वाट बौद्ध विहार म्हणून पूजेत होते. कुलेनचेही तसेच आहे. तेथील प्रेआह आंग थोम या जागी प्रचंड खडकाच्या माथ्यावर कोरलेल्या पहुडलेल्या बुद्धाच्या दर्शनाला कंबोडियाच्या कानाकोपऱ्यातून भाविक येतात. राजधानी विस्मरणात गेली तरी पर्वताची यात्रा चालू राहिली.

प्रश्न : आज कुलेनवर गेल्यास हे नगर पाहायला मिळेल का?

उत्तर : नकाशात दिसते तसे नाही. अंकोरच्या ईशान्येस सुमारे 40 किलोमीटरवर हा पर्वत आहे आणि तो 1993 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. प्रेआह आंग थोम, नदीतील लिंगे आणि धबधबा येथपर्यंत पर्यटक सहज जातात. दाम्रेई क्राप हे विटांचे मंदिर आणि स्रह दाम्रेई येथील अखंड खडकातून कोरलेला हत्ती पाहायचा, तर माहीतगार वाटाड्या हवा आणि रुळलेली वाट सोडू नये. सुरुंग काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले असले, तरी हा नियम अजून पाळला जातो. रोंग चेनची चढण चढलात, तर पायांखाली टप्पे जाणवतील. राजमार्ग मात्र नुसत्या डोळ्यांना ओळखू येणार नाहीत. त्यांवरून आता गावकऱ्यांच्या पायवाटा जातात आणि कित्येक ठिकाणी रान तोडून काजू लावलेला आहे. लागवडीसाठी सपाट केलेला बांध पुन्हा कोणत्याच यंत्राला दिसत नाही. त्यामुळे 2012 आणि 2015 चे नकाशे आज तेथील संरक्षणाच्या कामात, कोठे नांगर फिरू द्यायचा आणि कोठे नाही हे ठरवण्यासाठी, सर्वांत जास्त उपयोगाचे आहेत.